यादीतलं घर

"म्हणजे घर आपलं आणि खिडकी कौन्सिलची?"

वहिनीने हा प्रश्न टाकला तेव्हा आम्ही तिघं कॉर्कमधल्या एका खड्या चढावर, एका रिकाम्या घरासमोर उभे होतो. पाऊस पडत होता. म्हणजे छत्री उघडावी की नाही हे ठरवेपर्यंत पार भिजवून टाकणारा, टिपिकल आयरिश. घर दाखवायला आलेला इस्टेट एजंट (तिथे त्याला 'ऑक्शनियर' म्हणतात) जेमतेम माझ्या वयाचा. आपल्याकडचे एजंट 'सोसायटीवाले जरा कडक आहेत हां' ज्या सुरात सांगतात, अगदी त्याच सुरात त्याने सांगितलं, की हे घर 'प्रोटेक्टेड स्ट्रक्चर' आहे. संरक्षित वास्तू. समोरच्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या लावायच्या नाहीत, पुढचं दार बदलायचं नाही, भिंतींना सिमेंट फासायचं नाही. विचारल्याशिवाय तर काहीच नाही!

मी खरं तर मस्तपैकी सुट्टीवर गेले होते. आयर्लंड म्हणजे हिरवे डोंगर, मेंढ्या आणि गिनेस, एवढंच डोक्यात. (कॉर्कमध्ये गिनेस मागवू नका. तिथे मर्फीज नाहीतर बीमिश प्यायची पद्धत आहे. हा फुकटचा सल्ला.) मुंबईहून थेट विमान नाही, त्यामुळे डब्लिनला उतरायचं आणि ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेन पकडायची. साधारण अडीच तासांत तुम्ही कॉर्कला. तिथे माझा मावसभाऊ म्हणजे दादा आणि वहिनी राहतात. दोघंही आयटीत. दोन वर्षं भाड्याच्या फ्लॅटमधून घर शोधतायत. दर शनिवारी 'व्ह्यूइंग' असतं. आपल्याकडे मुलगी बघायला जातात तसं घर बघायला जायचं, रांगेत आधीच पंधरा जण उभे असतात, आणि मग आठवडाभर बोली वाढत राहते. आयर्लंडमध्ये घरांची टंचाई भयंकर आहे.

आणि तरीही शहराच्या ऐन मध्यात फिरताना माझी मान सारखी वर जात होती. खाली कॉफी शॉप, मोबाइलचं दुकान, सगळं चकाचक. वरचे दोन-तीन मजले मात्र रिकामे. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, गटाराच्या पाइपातून झाड उगवलेलं. "ही घरं कोणाची?" मी विचारलं. दादा म्हणाला, "कोणाची तरी असतील. राहत कोणी नाही, एवढं नक्की."

हे फक्त मलाच खटकलं असं नाही. अ‍ॅमस्टरडॅमहून कॉर्कला राहायला आलेल्या ज्यूड शेरी आणि फ्रँक ओकॉनर या जोडीने 2020 साली शहराच्या मध्यापासून दोन किलोमीटरच्या परिसरातल्या अशा ओसाड इमारतींचे फोटो सोशल मीडियावर टाकायला सुरुवात केली. एक टाकला, दोन टाकले... फोटो संपेचनात! पुढे हा देशभर चर्चेचा विषय झाला.

यादी म्हणजे काय रे भाऊ?

त्या रात्री दादाने पराठे लाटता लाटता मला अख्खा कायदा समजावला. (घर घ्यायला निघालेला मराठी माणूस काय काय वाचून काढतो, विचारू नका.)

आयर्लंडच्या 2000 सालच्या प्लॅनिंग कायद्याने प्रत्येक स्थानिक कौन्सिलला संरक्षित वास्तूंची यादी ठेवायला सांगितलं. किल्ले आणि चर्च तर आलेच, पण साधी रांगेतली घरं, गिरण्या, पूल, दुकानांचे दर्शनी भाग, काहीही यादीत येऊ शकतं. मालकाला नोटीस जाते, त्याला हरकत घेता येते. पण शेवटचा निर्णय निवडून आलेल्या नगरसेवकांच्या मतावर. मालकाची संमती लागत नाही. आणि एकदा नाव लागलं, की संरक्षण नुसत्या दर्शनी भिंतीला नाही. आतला जिना, छताचं नक्षीकाम, फायरप्लेस, मागचं आवार, आवारातली शेड, सगळंच आलं. मुंबईच्या हेरिटेज यादीत ग्रेड असतात, तशी भानगड या यादीत नाही. तुम्ही यादीत असता किंवा नसता.

यादीत नसाल तर काय होतं? अल्बर्ट की या धक्क्यावर 'सेक्स्टंट' नावाचं पब होतं, 1877 चं. कॉर्कच्या कित्येक पिढ्यांनी तिथे मॅचनंतर ग्लास रिकामे केले. यादीत नव्हतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये पाडलं.

आता गंमत बघा. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा ना. शहराची कौन्सिल वेगळी, काउंटीची वेगळी, त्यामुळे याद्याही दोन. मे 2019 मध्ये कॉर्क शहराची हद्द वाढली, 37 चौरस किलोमीटरवरून थेट 187. ब्लार्नी, बॅलिनकॉलिग, डग्लस रातोरात 'शहरात' आले आणि त्यांच्याबरोबर तिथल्या जुन्या वास्तूही एका कौन्सिलच्या अंगणातून दुसरीच्या अंगणात गेल्या. ज्या दगडाला उलटं लटकून ओठ टेकवायला जगभरातून लोक येतात, तो ब्लार्नी कॅसलचा दगडही! (मी नाही टेकवले. रांग बघूनच हिंमत गेली.)

क्रॉफर्ड मार्केटचे काका

दुसऱ्या दिवशी दादा-वहिनी ऑफिसला आणि मी शहरात. कॉर्क शहराचा मध्य म्हणजे ली नदीच्या दोन फाट्यांमधलं बेट. चालत फिरावं, दोन तासांत हातात येतं.

सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट हा इथला मुख्य रस्ता. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा तरुण दिसते, कारण 11 डिसेंबर 1920 च्या रात्री, आयरिश स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, ब्रिटिश फौजांनी शहराचा मध्य पेटवून दिला. चाळीसहून जास्त दुकानं, सिटी हॉल, कार्नेगी लायब्ररी, सगळं खाक. आज दिसतो तो सिटी हॉल 1930 च्या दशकातला. त्यामुळे 'जुनं ते ब्रिटिशांचं, जाऊ दे पडलं तर' असं म्हणणं आणि 'जुनं त्यांनीच जाळलं, उरलंय ते तरी ठेवा' असं म्हणणं, दोन्ही सूर या देशात ऐकू येतात. मला दोन्ही कळले.

जवळच इंग्लिश मार्केट. 1788 पासूनची मंडई. वर लोखंडी खांब, काचेचं छत, मधोमध कारंजं आणि खाली मासे, चीज, ऑलिव्ह आणि 'ड्रिशीन' नावाचा रक्ताचा सॉसेज (फक्त बघितला!). 1980 मध्ये इथे मोठी आग लागली. कॉर्पोरेशनने जळालेला भाग पाडून मॉल बांधला नाही, होता तसा पुन्हा उभा केला. 1986 मध्ये पुन्हा आग, पुन्हा दुरुस्ती. 2011 मध्ये राणी एलिझाबेथ आयर्लंडला आली, तेव्हा याच मंडईत येऊन मासेवाल्याच्या गप्पांवर खळखळून हसली. तो फोटो जगभर गेला.

पण मला खरा धक्का बसला तो सेंट फिन बार कॅथीड्रलमध्ये. तीन टोकदार शिखरं, दगडात कोरलेली शेकडो माणसं-प्राणी, आणि छताच्या एका टोकावर दोन तुताऱ्या घेतलेला सोनेरी देवदूत. कॉर्कचे लोक सांगतात, जगबुडी यायच्या आधी हा तुतारी फुंकणार, म्हणजे बातमी आधी कॉर्कला कळणार! हे बांधलं विल्यम बर्जेस या इंग्रज आर्किटेक्टने. स्पर्धेची अट होती 15 हजार पाउंडांत बसवा. पठ्ठ्याने अट सरळ धाब्यावर बसवली. शेवटी खर्च गेला लाखावर. 1865 मध्ये पायाभरणी झाली, 1870 मध्ये चर्च उघडलं, शिखरं त्याच्याही नंतर.

बर्जेस हे नाव मी कुठेतरी वाचलंय, वाचलंय, असं करत बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून फोनवर शोधलं. साहेबांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा आराखडा केला होता, 1866 मध्ये. तो कधी बांधलाच गेला नाही. पण त्यांचे आराखडे घेऊन मुंबईत आलेला त्यांचा शिष्य विल्यम इमर्सन इथे रमला आणि त्याने बांधलं आपलं क्रॉफर्ड मार्केट! म्हणजे मी ज्याच्याखाली उभं राहून लहानपणी आईला 'पाय दुखतायत' म्हणून पिडलं, त्या छताचे हे काकाच की. शिवाय फिन बारला देणगी देणाऱ्यांत क्रॉफर्ड नावाचे एक बीअरवाले होते. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड वेगळे, नात्याचा शोध लावत बसू नका. मी अर्धा तास घालवला.

जळालेलं घर

शनिवारी दादाने गाडी काढली. "तुला एक घर दाखवतो. ते पण यादीतलंच आहे."

शहराच्या दक्षिणेला रिंग रोडच्या वर झाडीत एक टेकडी आहे. तिथे व्हर्नन माउंट उभं आहे. उभं आहे म्हणजे भिंती उभ्या आहेत. छप्पर नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटची ही हवेली. दर्शनी बाजूला कमनीय गोलाई, आत अधांतरी वळत जाणारा दगडी जिना आणि छतांवर नॅथॅनियल ग्रोगन या कॉर्कच्याच चित्रकाराने रंगवलेली चित्रं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननवरून नाव. इथे राहायचा सर हेन्री ब्राउन हेज. याने जे केलं ते वाचून मी उडालेच. 1797 च्या जुलैमध्ये त्याने मेरी पाइक नावाच्या श्रीमंत क्वेकर मुलीला, 'तुझी आई आजारी आहे' अशी खोटी चिठ्ठी पाठवून रात्री घराबाहेर काढलं, पळवून या हवेलीत आणलं आणि खोटा पाद्री उभा करून लग्न लावायला बघितलं. मुलगी बधली नाही, तिची सुटका झाली. हेजला आधी फाशी सुनावली, मग ती रद्द करून काळ्या पाण्यावर, ऑस्ट्रेलियाला धाडलं. तिथे सिडनीजवळ त्याने जमीन घेतली, घर बांधलं, नाव दिलं व्होक्लूझ. सापांना घाबरायचा म्हणे, म्हणून घराभोवती पसरायला आयर्लंडहून माती मागवली, अशी दंतकथा आहे. आयर्लंडमध्ये साप नाहीत ना!

तर त्या कैद्याच्या जमिनीवर आज जे घर आहे, ते सिडनीत म्युझियम म्हणून छान जपलंय. आणि तो जिथून गेला ते मूळ घर?

विसाव्या शतकात ते एका मोटरसायकल क्लबकडे होतं. तोवर निदान माणसांची ये-जा होती. 1990 च्या दशकात विकलं गेलं आणि मग रिकामं पडलं. यादीत होतं बरं का! वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने 2008 च्या धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीतही घातलं. लोकांनी अर्ज केले, लेख लिहिले. कौन्सिलने छताची तात्पुरती डागडुजीही केली. 24 जुलै 2016, रविवारची संध्याकाळ. आग लागली. छप्पर, जिना, ग्रोगनची चित्रं, एका रात्रीत संपलं.

दादाने गाडी कडेला घेतली होती. मी पान्हे-हातोड्यांची बात करावी तशी कलमांची बात करत होते: कायद्यात मालकावर सांभाळायची जबाबदारी आहे, कौन्सिलला नोटीस काढता येते, मुद्दाम नासधूस केली तर सव्वा कोटी युरोपर्यंत दंड आणि 2 वर्षांपर्यंत कैद, असं 2000 च्या कायद्यातच लिहिलंय. शिवाय ओसाड जागांवर दरवर्षी किमतीच्या टक्क्यांत आकारणी करायचा 1990 चा वेगळा कायदा. 2020 मध्ये ती 3 टक्क्यांवरून 7 टक्के केली. दादा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "वाईचं घर पडलं तेव्हा कुठली यादी नव्हती. इथे दोन याद्या होत्या."

वाईचं घर म्हणजे आमचं आजोळ. मे महिन्याची सुट्टी, माजघरातला गारवा, चुन्याच्या भिंतीला पाठ लावून खाल्लेले आंबे. मामांनी ते बिल्डरला दिलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आम्हा मुलांना फ्लॅट मिळणार याचा आनंदच झाला होता. दाराची पितळी कडी तेवढी दादाने काढून घेतली. ती आता कॉर्कमध्ये त्याच्या फ्रिजवर असते.

कोव, जिथे लोक भांडले

मूड सुधारायला रविवारी कोवला गेलो. स्पेलिंग वाचून 'कोभ' म्हणालात तर स्टेशनवरचे लोक गोड हसतात. कॉर्कच्या केंट स्टेशनवरून लोकल ट्रेन, पाऊण तासाच्या आत समुद्र. टायटॅनिकचा शेवटचा थांबा हाच. 11 एप्रिल 1912 ला इथून 123 प्रवासी चढले. 1848 ते 1950 या काळात देश सोडून गेलेल्या साठ लाख आयरिश माणसांपैकी पंचवीस लाख याच धक्क्यावरून गेली. वळून बघितल्यावर त्यांच्यातल्या पुढच्या पिढ्यांना शेवटचं दिसलं असेल ते गावाच्या डोक्यावरचं सेंट कोलमन कॅथीड्रल. एडवर्ड प्यूजिन आणि जॉर्ज अ‍ॅशलिन यांचं काम, 1868 ते 1915, तब्बल 47 वर्षं बांधत होते.

आता या चर्चच्या बाबतीत झालेलं भांडण ऐका. बिशपांना आतली रचना बदलायची होती. वेदीपुढचा जुना कठडा, फरशीचा काही भाग काढून वेदी लोकांच्या जवळ आणायची, नव्या उपासना पद्धतीला धरून. गावच्या कौन्सिलने 2005 मध्ये परवानगी दिली. म्हणजे मालक तयार, कौन्सिल तयार. पण रोज तिथे गुडघे टेकणारी माणसंच उठली! 'फ्रेंड्स ऑफ सेंट कोलमन्स कॅथीड्रल' अशी संघटना केली, सह्या गोळा केल्या आणि वरच्या अपील बोर्डाकडे गेली. तोंडी सुनावणी झाली. धर्म काय मागतो आणि वास्तू काय मागते, यावर वकील आणि तज्ज्ञ भांडले. जून 2006 मध्ये बोर्डाने बिशपांना नकार दिला.

मला बिशपांचंही थोडं पटतं, हं. देऊळ चालतं असेल तर गाभाऱ्यात वेळोवेळी बदल होणारच. ते गोठवून ठेवलं की म्युझियम होतं. पण तो कठडा मी बघितला. संगमरवर हात लावून लावून गुळगुळीत झालाय. एक आजी त्याला टेकून बसल्या होत्या, बाजूला खरेदीची पिशवी, पिशवीतून डोकावणारी कांद्याची पात. त्यांना विचारावं, त्या वेळी सही केली होती का, असं फार वाटलं. नाही विचारलं.

परतीच्या ट्रेनमध्ये वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या घराच्या खिडक्या किती आहेत पुढे?"

"पाच," दादा म्हणाला. फारच पटकन म्हणाला.

पाच खिडक्या

सोमवारी आम्ही पुन्हा त्या चढावर. घर शँडनच्या अंगाला आहे. तिथल्या सेंट अ‍ॅनच्या मनोऱ्याला चार बाजूंना चार घड्याळं, चौघांचं आपसांत पटत नाही, म्हणून लाडाने त्याला 'चार तोंडांचा खोटारडा' म्हणतात. वर जाऊन घंटा वाजवता येतात, दोऱ्यांना नंबर दिलेत. मी सा-रे-ग-म वाजवायचा प्रयत्न केला. खालच्या रहिवाशांची क्षमा मागते.

या वेळी वहिनीने तयारी केली होती. ऑक्शनियरला तिने अक्षरशः घाम फोडला. वर-खाली सरकणाऱ्या या खिडक्या दोरी आणि वजनावर चालतात. लाकूड कुजलं असेल तर तेवढाच तुकडा बदलता येतो. गार वारा येतो त्याला कडेने ब्रशच्या पट्ट्या बसवतात. भिंतीला आतून ओल होती, ती नंतर कोणीतरी मारलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे. जुन्या भिंतीला चुनाच लागतो, त्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमध्ये कोंडते. (आजोळी चुन्याचा घाणा होता, असं आजी सांगायची. आम्ही कधी लक्ष दिलं नाही.) दोन वर्षांहून जास्त काळ रिकाम्या घराच्या दुरुस्तीला सरकार 50 हजार युरोपर्यंत अनुदान देतं, पार मोडकळीला आलेलं असेल तर 70 हजार, 2023 पासून रक्कम वाढवलीय. पण संरक्षित घराला कारागीर जाणकार लागतो, आणि असे कारागीर कमी, महाग आणि कायम बिझी.

आणि खरी मेख वेगळीच. कुठल्या कामाला परवानगी लागेल आणि कुठल्याला नाही, हे कौन्सिल लेखी देते. पण असं पत्र मागता येतं घराच्या मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला. दादा अजून दोन्ही नाही. म्हणजे मागच्या बाजूचं कधीतरी जोडलेलं स्वयंपाकघर पाडून मोठं करता येईल की नाही, हे घर घेतल्यावर कळणार!

"आणि नाही म्हणाले तर?" मी विचारलं.

"तर मिक्सर हॉलमध्ये," वहिनी म्हणाली.

ती मधल्या खिडकीशी गेली. खालची चौकट दोन्ही हातांनी धरून वर ढकलली. हलेना. रंगाच्या थरांनी चिकटली होती. ऑक्शनियर मदतीला धावला, दादाने खांदा लावला. कट्ट असा आवाज झाला आणि चौकट चार बोटं वर गेली. बाहेरचा पाऊस आत आला, खालच्या गल्लीतून कोणाच्या तरी रेडिओवरची मॅचची कॉमेंट्री आली.

मी परत येऊन तीन आठवडे झालेत. त्यांनी बोली लावली. दुसऱ्या कोणीतरी ती तोडली. काल रात्री दादाचा मेसेज आला, की पुढची बोलीही गेलीय, आणि ती त्याने लावलेली नाही. तो मीटिंगमध्ये असताना वहिनीने परस्पर लावून टाकली.